सीओटू लाईनला सोलेनॉईड वॉल्व बसवताना आलेला माझा अनुभव

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला आहे. आमच्या कोअर शॉपला सिलिकेटचे कोअर (ओतीव मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) होतात, म्हणजे वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, कोअर बॉक्समध्ये ठासायचं आणि वरनं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड गॅस, सोडायचा, थोड्या सेकंदात वाळू दगडासारखी घट्ट होते. गॅस सोडायचं काम सगळं हाताच्या कॉकवर चालायचं. आता दिवसभर शेकडो कोअर काढताना कोण सेकंद मोजत बसणार, कॉक उघडला की उघडाच. त्यात गॅस तर जातोच पण कोअरही बिघडतो, गॅस जास्त झाला की दुसऱ्या दिवशी कोअर पांढरा पडतो आणि कडेला नुसतं बोट फिरवलं तरी वाळू सुटते, आणि तीच वाळू पुढं कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, सापडते. ३० किलोचा सिलेंडर दीड दिवसात रिकामा व्हायला लागला तेव्हा ठरवलं, टायमर आणि सोलेनॉईड वॉल्व (कॉईलला करंट दिला की उघडणारा वॉल्व) लावायचा, पायानं स्विच दाबला की ८ सेकंद गॅस आणि आपोआप बंद.

उद्यमनगरात जाऊन अर्ध्या इंचाचा पितळी वॉल्व आणला, २३० व्होल्टची कॉईल. दुकानदारानं विचारलं, हवेला का पाण्याला, मी म्हटलं गॅसला, त्यानं दिला. प्रेशर किती हे त्यानं विचारलं नाही आणि मीपण सांगितलं नाही. बसवला, पहिले दोन तीन कोअर बरे झाले, मग फडफड असा आवाज यायला लागला. कॉईल ओढतीय, स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की चिकटतोय, म्हणजे करंट आहे, पण गॅस पुरता जात नाही. कोअर वरनं कडक आणि आतनं कच्चे. आमच्या कोअर शॉपच्या अक्का म्हणाल्या, "दादा, ह्यापरीस माझा कॉक बरा हुता." खरंच होतं त्यांचं.

मग वॉल्व टेबलावर खोलला. चार स्क्रू काढल्यावर आत रबराचा पडदा, आणि त्याच्या बाजूला सुई जाईल एवढंच बारीक भोक. तेव्हा कळलं हा पायलटचा वॉल्व आहे. ह्यात कॉईल फक्त ते बारीक भोक उघडते, मोठा पडदा उचलायचं काम लाईनचं प्रेशर करतं. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ०.५ ते १० बार (बार हे प्रेशरचं माप). म्हणजे वॉल्वच्या अलीकडं आणि पलीकडं निदान अर्ध्या बारचा फरक पाहिजे. आमचा रेग्युलेटर (सिलेंडरचं प्रेशर कमी करणारा) दीड बारवर, आणि गॅस ठासलेल्या वाळूतनं जायचा असतो तेव्हा पुढच्या बाजूलापण प्रेशर साठतं, फरक कमी होतो, पडदा अर्धवट उठतो आणि फडफडतो. वॉल्व खराब नव्हता, तो आमच्या कामाचाच नव्हता.

आम्हाला पाहिजे होता डायरेक्ट ॲक्टिंग. त्यात पडदा नाही पायलट नाही, कॉईलला करंट मिळाला की लोखंडी प्लंजर, म्हणजे नळीत वरखाली सरकणारा तुकडा, सरळ वर ओढला जातो, त्याच्या तळाला असलेलं रबर सीटवरनं, म्हणजे भोकाच्या कडेवरनं, उठतं, करंट गेला की स्प्रिंग खाली दाबते. पाटीवर ० पासून सुरू असतं, लाईनला प्रेशर नसलं तरी उघडणार. फक्त ह्याचं भोक लहान असतं आणि त्याचं कारण समजून घ्यायला पाहिजे. बंद वॉल्वमध्ये प्रेशर प्लंजरला सीटवर दाबून धरतं आणि कॉईलला तेवढा जोर लावून तो उचलावा लागतो. ६ मिमी भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिमी, २ बारला हिशेब केला तर अर्ध्या किलोच्या थोडं वर वजन येतं, तेच १० बारला पावणेतीन तीन किलो. म्हणून एकाच कॉईलवर भोक मोठं घेतलं की चालणारं प्रेशर कमी होतं. आमचं प्रेशर मुळातच कमी, त्यामुळं ६ मिमी भोकाचा ० ते ५ बारचा घेतला, आतलं रबर नायट्राईल जातीचं, ह्या प्रेशरच्या सीओटूला ते चालतं. रबर बघून घ्याच, आमच्याच लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) हीटरच्या डिझेल लाईनला कुणीतरी ईपीडीएम ह्या दुसऱ्या जातीच्या रबराचा वॉल्व लावला होता, ते रबर डिझेलनं फुगून प्लंजर अडकला होता.

बसवताना वॉल्ववरचा बाण बघून बसवला, उलटा बसला तर प्रेशर प्लंजरला खालनं उचलतं आणि गॅस गळत राहतो. कॉईल वर आणि उभी, म्हणजे कचरा प्लंजरच्या नळीत बसत नाही. वॉल्व रेग्युलेटरच्या पुढं, अलीकडं नाही, कारण सिलेंडरात २० अंशाला ५७ बारच्या आसपास असतं आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

तरीपण दोन दिवसात कॉईल जळाली. झालं असं की वायरमननं चालू करंटमध्ये कॉईल प्लंजरच्या नळीवरनं उपसून बघितली आणि तशीच कनेक्टरला लोंबकळत ठेवून चहाला गेला. एसी कॉईलच्या आत लोखंड नसलं की करंट कितीतरी पट वाढतो. आल्यावर वास सुटलेला, कॉईलचं प्लॅस्टिक फुगून तडकलेलं. त्याला ओरडून उपयोग नव्हता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीपण नाही. प्लंजर कचऱ्यानं अर्ध्यात अडकला तरी हेच होतं, आधी गुणगुण आवाज येतो मग कॉईल तापते. म्हणून नवीन कॉईलबरोबर वॉल्वच्या अलीकडं कचरा अडवणारी वायजाळी (वाय स्ट्रेनर) बसवली, आणि जाळी पहिल्या आठवड्यात उघडली तर टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि पाईपाचा कचरा निघाला, हे सगळं सीटवर गेलं असतं.

आता टायमरवर कोअरच्या साईजप्रमाणं ५ ते १२ सेकंद लावतो. लाईट गेली की वॉल्व स्वतः बंद होतो हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, सीओटू हवेपेक्षा जड, खाली साठतो आणि वास येत नाही, आणि अक्का लोक बसून काम करतात. तरीपण मागं हाताचा बॉल वॉल्व ठेवलाय, सुट्टी झाली की तो बंद करूनच जायचं. सिलेंडर आता तीन दिवस पुरतो. सिलिकेटच्या लाईनलापण असाच लावू का असं साहेबांनी विचारलं, मी नको म्हटलं, सिलिकेट वाळलं की काचेसारखं होतं आणि प्लंजर कायमचा बसणार, तिथं हाताचाच कॉक आहे.