झुरळाच्या साठवणी पेशी: बडोद्यातली तिसरी नोंद

मंडळी, लाल दिसलं! काल रात्री साडेदहाला, 100 पट मोठं करून पाहताना, झुरळाच्या हृदयनळीच्या दोन्ही अंगांना लाल मण्यांच्या ओळी लागलेल्या. मी भावाला हाका मारून वर बोलावलं आणि त्यालाही दाखवलं.

नव्यांसाठी थोडक्यात. शरीरातल्या द्रवातले सूक्ष्म कण ओढून घेऊन स्वतःच्या आत साठवून ठेवणाऱ्या पेशींना अ‍ॅथ्रोसाइट म्हणतात. शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. मी वहीत 'साठवणी पेशी' लिहितो. कीटकांमध्ये हे काम हृदयालगतच्या नेफ्रोसाइट करतात. अकरावीच्या पुस्तकात झुरळाच्या उत्सर्जनाखाली त्यांचं नुसतं नाव येऊन जातं, आणि त्या नावापाशीच मी अडकलो.

आधीचे दोन महिने मी झुरळांच्या खाण्यात कारमाइन हा लाल रंग कालवत होतो. आतडं लाल, विष्ठा लाल, हृदयापाशी काहीच नाही. चूक उघड आहे: या पेशी रक्ताच्या पोकळीत असतात आणि कारमाइन आतड्याची भिंत ओलांडत नाही. रंग थेट रक्तातच सोडायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्स्की हेच करत होते, अमोनियात विरघळवलेलं कारमाइन टोचून.

माझी पहिली चार झुरळं त्या अमोनियानेच मेली असावीत. द्रावणाला वास येत होता, तरी मी घाई केली. ते अजून डाचतं. आता द्रावण उघड्या बशीत, गच्चीवर, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवतो, मग गाळून सलाइनमध्ये पातळ करतो. या खेपेला सहापैकी सहा जगली.

झुरळं दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मोरीतली. बरणीत पाव आणि केळं, कडेला आतून व्हॅसलीन, की सकाळपर्यंत चार-पाच मिळतात. टोचण्याआधी थर्माकोलच्या डब्यात बर्फावर दहा मिनिटं, म्हणजे ती निपचित होतात. सुई इन्सुलिनची, पोटाच्या दोन खंडांमधल्या मऊ पडद्यातून, अगदी तिरपी. एक सूचना: सिरिंज 100 युनिटवाली घ्या. तिचं एक युनिट म्हणजे 10 मायक्रोलिटर. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या 40 युनिटवाल्या सिरिंजचं एक युनिट 25 मायक्रोलिटर होतं, आणि झुरळाला तेवढं एकदम नको.

खरी उत्सुकता पुढच्या प्रयोगाची होती. तीन झुरळांना कारमाइनबरोबर काळी शाईही टोचली, शाईचे मोठे कणही नेफ्रोसाइट आत घेतात का ते पाहायला. बाटलीतल्या वॉटरप्रूफ शाईत लाख असते, म्हणून चिनी शाईची कांडी सलाइनमध्ये उगाळली. फाइन आर्ट्स कॉलेजमुळे बडोद्यात चित्रकलेच्या सामानाची दुकानं चांगली आहेत, कांडी लगेच मिळाली. 24 तासांनी त्यातलं एक पुन्हा बर्फावर ठेवून उघडलं. पोटाच्या कडा कापून पाठीचं कवच उलटं केलं, की तेरा कप्प्यांचं हृदय आणि त्याचे पंख्यासारखे स्नायू समोर येतात. लाल रंग नेफ्रोसाइटमध्ये होता. काळ्या गुठळ्या मेदपिंडाला (चरबी साठवणाऱ्या पांढुरक्या अवयवाला) चिकटलेल्या होत्या, आणि काही थेट हृदयाजवळही. तिथे क्षणभर माझा धीर सुटला. पण 400 पटींवर स्पष्ट दिसलं की काळं लाल पेशींच्या आत नाही. ते बाहेरच्या लहान रक्तपेशींनी गिळून पुंजके केलेलं आहे.

म्हणजे एकाच पोकळीत दोन वेगळी कामं चालतात. मोठे कण गिळतात त्या भटक्या रक्तपेशी. नेफ्रोसाइट जागच्या हलत नाहीत, फक्त अगदी बारीक ते आत घेतात. त्यांच्या पृष्ठभागावर अरुंद फटी असतात आणि फटींवर गाळणीसारखा पडदा. फळमाशीतला हा पडदा आपल्या मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पेशींसारख्याच प्रथिनांचा असतो, हे 2009 साली दाखवलं गेलं. हे कळल्यापासून मोरीतल्या झुरळाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

फोटो अजून धूसर आहेत. कवच जाड असल्याने खालून प्रकाश पुरत नाही. वरून बाजूने एलईडी धरून पाहिला, तर लाल जास्त उठतो.

आता प्रश्न साठवणीचा. रंग आत गेला, पण किती दिवस राहतो? नुसतं कारमाइन टोचलेली तीन झुरळं वेगळ्या बरणीत ठेवली आहेत, झाकणावर तारीख घातली आहे. दर पंधरवड्याला एक उघडणार. शेवटचं दिवाळीच्या सुमारास येईल.