वर्षाचे महिने बारा, पेनं तेरा: कराड ते सदाशिव पेठ

जानेवारी २०२६ मधल्या एका गुरुवारी पहाटेची स्वारगेट एसटी धरली. पिशवीत दोन वर्षांचे रिपोर्ट, कराडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पराठे आणि रिकामा थर्मासचा डबा. वजन ९१ किलो, साखर पाच वर्षांपासून, गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टरांनी साखर आणि वजन उतरवायचं मौंजारो नावाचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते पेनसारख्या सुईत भरून येतं, आणि मेडिकलवाल्यानं महिन्याच्या पेनचा भाव सांगितला १३,१२५. ऐकून मी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली ती पंधरा दिवस बाहेर काढली नाही. मग कुणीतरी म्हणालं, पुण्यात सदाशिव पेठेत औषधांचा होलसेल बाजार आहे, तिथं निम्म्यात मिळेल. निम्म्यात हा शब्द ऐकला आणि मी निघाले. माझ्यासारखं अजून कुणी निघायच्या बेतात असेल, म्हणून हे सगळं लिहून ठेवते.

निम्म्यात मिळालं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आशेवर राहू नका.

पहिल्या दुकानात चिठ्ठी दाखवली. माणसानं काउंटरखालच्या खणातून खोका काढला. फ्रिजमधून नाही, खणातून! वर म्हणाला, "बिल नको असेल तर अजून कमी करतो, ताई." ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, खोक्यावरच छापलेलं असतं. खणात किती दिवस पडलंय कुणास ठाऊक, आणि बिल नाही म्हणजे उद्या तक्रार करायला जागा नाही. मी नमस्कार करून बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात फ्रिज समोरच होता, त्याला तापमान दाखवणारा काटाही होता. तिथं छापील किमतीवर आठ टक्के सूट. आमच्या कराडचा मेडिकलवाला ओळखीखातर पाच टक्के देतो. फरक तीन टक्के! १३,१२५ च्या पेनवरही तो चारशेच्या आत राहतो. त्यातून अर्ध्या तिकिटाची एसटी आणि स्वारगेटची रिक्षा वजा करा, वर अख्खा दिवस गेला तो वेगळाच.

पण त्या दिवशी पैसे वाचले ते दुसरीकडे. वहिनीनं दुपारची एका हार्मोनच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेऊन ठेवली होती. फी १,२०० रुपये, ती मला आधी जड वाटली. मॅडमनी रिपोर्ट चाळले, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, विचारलं. मग मी सरळच म्हटलं, "मॅडम, मला परवडणारं काहीतरी सांगा. मध्येच सोडून द्यायचं असेल तर सुरूच करत नाही." हे वाक्य तुम्हीही बोला. लाजू नका. खिसा किती आहे हे आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळणार कसं?

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. तो कागद अजून माझ्या फ्रिजच्या दारावर आहे. सगळी मेख तिथं होती. एका पेनमध्ये चार डोस, आठवड्याला एक. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे पेनं तेरा, बारा नव्हेत. मेडिकलवाला "महिन्याला इतके" म्हणतो तेव्हा तेरावं पेन आपल्या डोक्यातच येत नाही. आणि पहिल्या पेनचा भाव हा नुसता दारातला भाव. डोस वाढतो तशी किंमतही चढते. तेव्हा मौंजारोचं २.५ मिलिग्रॅमचं पेन १३,१२५ ला होतं आणि ५ चं १६,४०६ ला. पहिलं एक आणि पुढची बारा धरली तर वर्षाचे जवळजवळ २ लाख १० हजार. डोस ५ वरच थांबला तर हे, पुढे गेला तर आणखी.

वेगोवी या वजनाच्या दुसऱ्या इंजेक्शनाची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये बरीच उतरवली, सर्वांत लहान डोसचं महिन्याचं पेन १०,८५० ला आलं. त्यात औषध सेमाग्लुटाइड. तेच सेमाग्लुटाइड ओझेम्पिक या नावानं डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, पण मधुमेहासाठी. तेव्हाचे भाव: ०.२५ चं पेन ८,८००, ०.५ चं १०,१७० आणि १ मिलिग्रॅमचं ११,१७५. मला साखर आहेच, त्यामुळे हे औषध मला रीतसर लिहून देता येत होतं. पहिलं पेन, दुसरं पेन, मग १ मिलिग्रॅमची अकरा. बेरीज १,४१,८९५. फरक ६८ हजारांचा. सरासरी पाहिली तर वजन मौंजारोवर जास्त उतरतं, हेही मॅडमनी लपवलं नाही. मी म्हटलं, दहा किलो उतरलं तरी गुडघे आशीर्वाद देतील.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साखर नसताना स्वस्त पडतं म्हणून डॉक्टरांना मधुमेह लिहायला सांगू नका. पुढे मेडिक्लेमच्या कागदांत ते आयुष्यभर चिकटून राहतं.

मेडिक्लेमवरून आठवलं. आमच्या विमा कंपनीनं एका ओळीत उत्तर दिलं: वजन कमी करण्याचा खर्च पॉलिसीबाहेर. बहुतेक पॉलिस्यांत तसंच असतं. ठरावीक अटींत बसली तर वजनाची शस्त्रक्रिया मिळते, पण औषधं नाहीत. ज्यांच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च जोडून घेतलेला आहे त्यांनी मधुमेहाच्या औषधाचं बिल जरूर टाकून बघावं. आणि घरात साठीपुढचं कुणी असेल, मेडिक्लेम नसेल आणि जुन्या पद्धतीनं आयकर भरत असाल, तर त्यांच्या औषधोपचारावरचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतो. मात्र रोख दिलेले पैसे धरत नाहीत. म्हणून बिल घ्या आणि यूपीआय करा.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपणार होतं आणि आपल्याच कंपन्या ते बनवायच्या तयारीत होत्या, म्हणजे भाव उतरायची शक्यता. म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नका, एकेक पेन घ्या. दुसरं, माझ्या बाकीच्या गोळ्या, म्हणजे साखरेची, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची, त्यांनी औषधाच्या मूळ नावानं लिहून दिल्या. त्या आता जनऔषधी केंद्रातून घेते. आधी महिन्याला ११०० च्या आसपास जायचे, आता तीनशेत भागतं. इंजेक्शनाच्या नादात मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

व्हिडिओतल्या किमतींवर जाऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने आकडे सगळे चुकीचे आहेत. मी दिलेलेही जानेवारी २०२६ चे आहेत, आता तेही बदललेले असू शकतात. मोबाइलवर "अर्ध्या किमतीत सेमाग्लुटाइड, घरपोच" म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावरही घेऊ नये असं माझं मत. औषध बंद झालं तरी हप्ता चालू राहतो.

ओझेम्पिकचं पहिलं पेन त्या काट्याच्या फ्रिजवाल्या दुकानातूनच घेतलं, आलेच होते म्हणून. ८,०९६ रुपये. बिलावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर ताडून पाहिला. मग माझी चूक. वहिनीच्या फ्रिजरमधली जेलची थंड पिशवी थर्मासमध्ये टाकून तिच्यावरच खोका ठेवत होते. वहिनीनं हात धरला. "वन्सं, गोठलं तर फेकायचं ते!" खरंच आहे, एकदा गोठलेलं पेन वापरायचं नसतं. मग पिशवी टॉवेलात गुंडाळली, मध्ये वर्तमानपत्राची घडी, त्यावर खोका. येताना खंबाटकीच्या घाटात ट्रक बंद पडला होता आणि आम्ही दीड तास तिथंच. मी दर दहा मिनिटांनी झाकणावर हात ठेवून बघत होते. घरी पोचले तेव्हा खोका गारच होता.

पुढच्या तपासण्या मॅडम व्हिडिओ कॉलवर करणार आहेत. पुढचं पेन कराडातूनच घेणार, ज्याच्याकडे फ्रिज धड आहे त्याच्याकडून.

घाटात अडकलो तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं, "सारखं काय बघतीस त्या डब्यात?"

"वजनाचं औषध आहे, मावशी. चार इंजेक्शनं."

"कितीला पडली?"

"आठ हजार."

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढ्यात शेळी येती की गं," म्हणाल्या.