डायनामोच्या अँबॅसिडरला अल्टरनेटर बसवताना

मार्क टू अँबॅसिडरचा डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) काढून पुढच्या मॉडेलचा अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं जनित्र) लावायचा, तर पाना नंतर हातात घ्या. आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. लुकास कंपनीच्या जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याच गाड्यांना प्लस अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. अल्टरनेटर मायनस अर्थचा असतो. उलटा जोडला की आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जातात.

बदल करायचं कारण साधं आहे. जुना डायनामो फार तर २२ अँपिअर देतो, आणि तेही इंजिन वेगात असताना. ६० वॅटचे दोन हेडलाइट लावले की १० अँपिअर तिथेच जातात. घाटात रात्री गाड्यांची रांग लागली की इंजिन संथ फिरतं, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

अल्टरनेटर त्याच १४८९ सीसी पेट्रोल इंजिनच्या गाडीचा घ्या. १८०० सीसी इसुझू इंजिनचं ब्रॅकेट जुळत नाही. मागे व्हॅक्यूम पंप असलेला डिझेलचा अल्टरनेटर स्वस्त मिळाला तरी नको, त्या पंपाला तेलाची लाइन लागते. अल्टरनेटर डायनामोपेक्षा आखूड असतो, म्हणून मागच्या ब्रॅकेटपाशी फट राहते. तिथे मापाचा पाइप कापून स्पेसर घाला. बोल्ट आवळूनच फट मिटवली तर ॲल्युमिनियमचा कान तुटतो. तिन्ही पुली एका रेषेत हव्यात, नाहीतर पट्टा कडेने झिजतो.

प्लस अर्थ असेल तर बॅटरी फिरवा. प्लसचा खांब जाड असतो, म्हणून केबलचे लगही (टोकाचे क्लॅम्प) बदलावे लागतात. हातोडीने ठोकून बसवू नका. इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) दोन बारीक वायरी अदलाबदल करा. न केल्या तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते आणि चढावर इंजिन मिस मारतं. स्टार्टर, हॉर्न, बल्ब यांना फरक पडत नाही. चुंबकाची मोटर असलेला पंखा मात्र उलटा फिरेल, त्याच्या वायरी बदला. जुना रेडिओ आधी काढून ठेवा. (डायनामोच ठेवून फक्त अर्थ बदलणार असाल, तर पट्टा चढवून इंजिन सुरू करण्याआधी, एफच्या (फील्डच्या) वायरी काढून, डायनामोच्या एफ टोकाला बॅटरीच्या प्लसचा क्षणभर स्पर्श द्या. नाहीतर तो उलटाच चार्ज करेल.)

आता कटाऊटची पेटी, म्हणजे डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर. तिच्या टोकांवर ए, ए-वन, डी, एफ अशी अक्षरं असतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बॅटरी सोडवून कामाला लागा. ए आणि ए-वनच्या जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडा. डी टोकावर दोन वायरी असतात: डायनामोकडून आलेली जाड आणि चार्जिंगच्या दिव्याची बारीक. जाड वायर दोन्ही टोकांना टेप लावून बंद करा. बारीक वायर एफच्या वायरीला जोडा आणि एफचं दुसरं टोक अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलवर न्या. ही बारीक वायर चुकून ए-वनच्या जोडात गेली, तर चावी बंद असताना दिवा पेटतो आणि चावी लावल्यावर विझतो. दिव्याचा बल्ब २.२ वॅटचा साधाच हवा. त्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. एलईडी लावला किंवा बल्ब उडालेला असला तर चार्जिंग सुरूच होत नाही.

अल्टरनेटरच्या बी प्लस (मुख्य आउटपुट) टोकापासून स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर टाका. जुनी वायर २२ अँपिअरच्या हिशोबाची आहे, ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरवर ती तापते. या जोडणीत जुना ॲमीटर फक्त खर्च दाखवतो, म्हणून शेजारी व्होल्टमीटर लावा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, तेव्हा इंजिन ते चासीची अर्थपट्टी घासून, चकचकीत करून आवळा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर मीटर धरा: १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात याच्या वर गेलं तर बॅटरीतलं पाणी भराभर आटतं, रेग्युलेटर बदला. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून चार्जिंग बघायची जुनी सवय सोडाच. डायनामोच्या काळात ती खपून गेली, अल्टरनेटरचे डायोड मात्र त्या एका झटक्यात जातात.