फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे

मागच्या हंगामात धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाटा संगणकाला जोडून दिला. कापसाची भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन पडद्यावर येते, ती रिकामी होऊन परतली की दुसरे वजन येते आणि शेतकऱ्याची पावती निघते. हिशेबासाठी ईआरपीनेक्स्ट आणि काट्याचा आकडा वाचण्यासाठी पायथन या संगणकभाषेतील पायसीरियल ही लायब्ररी, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड; दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येतो. बिल पाहून मालकांनी विचारले, "सॉफ्टवेअर फुकट शे ना भाऊ, मंग पैसा कसाना?"

प्रश्न रास्त होता. काटा अडून फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली, तर रात्री अकरा वाजताही फोन उचलून येणाऱ्या माणसाचे हे पैसे आहेत, असे मी त्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले. जीपीएलसारखा मुक्तस्रोत परवाना पैसे घेण्यास मनाई करत नाहीच. सेवेच्या वर्गणीवरच रेड हॅट ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची कंपनी एवढी वाढली, की २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. ईआरपीनेक्स्ट घडवणारी मुंबईची फ्रॅपे कंपनी होस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देणे, आणि सेवेतून कमावते, आणि खान्देशात राहून माझेही घर याच कामावर चालते.

पण हे पैसे सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला मिळतात; ज्याची लायब्ररी मुकाट्याने चालते, त्याला फोन करण्याची वेळच कोणावर येत नाही, आणि मला खरी चिंता त्याची वाटते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर विसंबून होती त्या लायब्ररीला थेट देणग्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या मुक्तस्रोत साधनाची देखभाल तर एक थकलेला माणूस विनामोबदला करत होता. मदतीच्या निमित्ताने आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षांत त्याचा विश्वास मिळवला आणि एक्सझेडमध्ये चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, घातला, हे २०२४ मध्ये समजले. त्याच वर्षी शेअर दलाली करणाऱ्या झेरोधा कंपनीने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

यंदाच्या बिलात मी 'लायब्ररी देखभाल, ५०० रुपये' अशी वेगळी ओळ लिहिली. मालकांनी तिच्यावर बोट ठेवले, तेव्हा मी त्यांना एक्सझेडची हकीकत सांगितली. ती शांतपणे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "पण त्याले पोचतीन ना?"

आता देणगीची पावती मी बिलालाच जोडतो.