तबकावरचं जुनं लॅकर आणि सराफ बाजारातल्या खेपा

चांदीच्या तबकावरचं पिवळं पडलेलं लॅकर, म्हणजे वर मारलेला वार्निशसारखा पारदर्शक थर, काढायला मला फारसा वेळ लागला नाही. ते करून मिळेल या आशेवर नाशिकच्या सराफ बाजारात ज्या खेपा घातल्या, त्यांचा राग मात्र अजून गेलेला नाही.

तबक सासूबाईंचं. काळं पडू नये म्हणून कधीकाळी त्यावर लॅकर मारून घेतलेलं. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षांनी पिवळं होतं, तडकतं आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे त्या तड्यांखालची चांदी काळी पडते. वरून कितीही घासा, काळं खालीच राहतं. खायचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलही इथे चालत नाही, कारण लॅकरमुळे चांदीला फॉइल लागतच नाही.

दुकानात मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आगीवर धरायचं नाही, ॲसिडमध्ये टाकायचं नाही, बफ (फिरत्या चाकावर घासून पॉलिश) मारायचा नाही. "हो ताई, ठेवून जा." मग मंगळवारी या. मंगळवारी कारागीर गावाला. पुढच्या वेळी लाइट नव्हती, त्याच्या पुढच्या वेळी शेठ नव्हते. दर वेळी इंदिरानगरहून गाडी काढायची, पार्किंग शोधायचं आणि काउंटरपाशी ताटकळायचं. तबक होतं तसंच कागदात गुंडाळलेलं. शेवटी कारागीर भेटला. तो सरळ म्हणाला, "ताई, गॅस मारतो, जळून जाईल. मग ॲसिड, मग बफ. अर्ध्या तासाचं काम."

नेमकं तेच मला नको होतं. नायट्रोसेल्युलोज झपकन पेटतं. चांदीत मिसळलेलं तांबं तापल्यावर काळवंडतं, ते डाग बफशिवाय निघत नाहीत आणि बफ म्हणजे चांदीच झिजवणं. काठावरची वेलबुट्टी एकदा सपाट झाली की गेली. कारागिराला हे कळत होतं, पण कापसाने हळूहळू पुसत बसणं त्याला परवडणारं नव्हतं. दुकानाने एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तबक उचललं आणि घरी आणलं.

केमिकलच्या दुकानातून साधं ॲसिटोन घेतलं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. आधी तबकाच्या पाठीवर ॲसिटोनचा कापसाचा बोळा फिरवून पाहिला, तो चिकट आणि पिवळा झाला तेव्हा लॅकर याने सुटतं याची खात्री पटली. मग ओला कापूस पसरून वर पॉलिथिनचा कागद दाबला. त्यामुळे ॲसिटोन उडत नाही, थोड्या ॲसिटोनमध्ये भागतं. काही मिनिटांनी लॅकर मऊ होऊन पुसलं गेलं. असंच पुढे तुकड्या-तुकड्याने. नंतर रिठ्याच्या पाण्याने धुतलं, उरलेलं काळं खडूची बारीक पूड पाण्यात कालवून काढलं. नक्षी जशीच्या तशी उठून आली, सासूबाईंनी बोट फिरवून पाहिली.

हे सगळं गच्चीत करा. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. नायट्राइलच्या हातमोज्यांतून ॲसिटोन लवकर आत येतं, ब्युटाइल रबरचे घ्या. बोळे उघड्यावर पूर्ण वाळवूनच टाका. हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर घेऊ नका. त्यात मिथिलीन क्लोराइड हे विषारी द्रावक असू शकतं, अमेरिकेने 2024 मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. लाख भरलेल्या पोकळ दागिन्यांना किंवा मीनाकामाला यातलं काही लावू नका.

आणि हो, वस्तू दुकानात ठेवायचीच असेल तर आधी वजन करून पावतीवर लिहून घ्या. चांदी बरीच झिजवली असेल, तर परत घेताना काट्यावर कळू शकतं.