कटिंगचे चार टायर

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या आसपास टायरचं दुकान म्हणजे हायवेचं गिऱ्हाईक येऊन-जाऊन असतं, पोट भरतं ते आंबावाल्यांवर. सड्यावरचा जांभा टायर खालून झिजवतो त्यापेक्षा बाजूने जास्त चिरतो आणि साइडवॉल फाटली की पंक्चर काढून भागत नाही. एप्रिलमध्ये पेट्या निघायला लागल्या की बोलेरो, पिकअप आणि लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जिप्सी आमच्या दारात रांगेत.

त्यातलीच एक जिप्सी पावसकडच्या एका काकांची. चारही टायर झिजून गोटा. मागे हौद्यात चार ‘जवळजवळ नवे’ टायर, मुलाने शहरातल्या जुन्या बाजारातून आणलेले. चारांचे मिळून एका नव्या टायरचे पैसे.

‘‘शेट, तेवढे बसवून द्या. मजुरी काय ती सांगा.’’

टायर काळेकुळीत, चकचकीत. पॉलिश मारलेला जुना टायर दिसला की मी आधी तारीख शोधतो. कंपनी आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापते, पण पूर्ण कोड बहुतेक टायरना एकाच बाजूला असतो. विकणारे ती बाजू खाली करून ठेवतात. इथे निघाले १७१३, म्हणजे २०१३चा सतरावा आठवडा. नक्षी मात्र नख बुडेल इतकी खोल.

तेरा वर्षांचा टायर आणि इतकी नक्षी? टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. तिथून सरळ आत गेलं की मुख्य खाचेत रबराचा छोटा उंचवटा लागतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिमी उरली, कायद्याने टायर बाद. या चारांत खूण होती, उंचवटा नव्हता. खाच थेट त्याच्यातून गेलेली. टॉर्च मारून काकांना दाखवलं: खाचेचा तळ कंपनीच्या साच्यासारखा गुळगुळीत नव्हता, गरम पात्याचे ओरखडे होते, आणि एका ठिकाणी तारेची चमक. गोटा टायरला हाताने पाडलेलं कटिंग. ट्रकच्या काही टायरांवर ‘रीग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं, त्यांना खाली जादा रबर असतं म्हणून ते चालतं. या गाडीच्या टायरला कापायला खाली असतं काय? तारेचे पट्टे.

काका म्हणाले, ‘‘गाडी बागेतच फिरते, पंधराच्या वर कधी जात नाही.’’ खोटं नव्हतं. पण पेट्या घेऊन हीच गाडी रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत येते, आणि शनिवारी काकू शेजारी बसलेल्या मी पाहिल्यात. मी बसवणार नाही म्हटलं.

मग स्वस्तात काय? जिप्सीचा मूळ साइज २०५/७० आर१५, तो मागवावा लागतो. २१५/७५ आर१५ हा बोलेरोचा साइज, आणि कोकणात बोलेरो घरटी. त्यामुळे तो कोणत्याही दुकानात मिळतो, भावही ताणता येतो. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये टायरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला. व्यास साडेतीन सेंटिमीटरने वाढतो, मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ला असते, आणि स्टीअरिंग पूर्ण कापल्यावर कुठे घासतं ते बघावं लागतं. एवढंच.

‘‘मग दोनच द्या, मागचे.’’

इथे माझं डोकं फिरतं. पुढे लाइटची पट्टी, बंपरला चकाकणारा पाइप, आणि टायर दोनच! बागेचा चढ चढताना फोर-बाय-फोर टाकायचा म्हणजे पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात. पुढचा टायर लहान, मागचा मोठा असला की दर फेऱ्याला फरक साठतो आणि तो ताण ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, गिअरवर जातो. सैल मातीत चाक घसरून सुटतं, कातळावर सुटायला जागाच नाही. घ्यायचे तर चार.

पैसे नव्हते. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याचा हिशेब आणि पैसे, आली की देतो म्हणाले. भाऊ आतून मान हलवत होता, उधारीवर त्याचं मत मला पाठ आहे. मी चारही चढवून दिले.

खरी अडचण नंतर आली. कटिंगचे टायर मी कापून टाकतो म्हटलं. पातं हातात होतं. काका पुढे आले. ‘‘माझे आहेत ते. पोरगा परत देऊन पैसे आणेल.’’ मी म्हटलं, परत दिले तर उद्या दुसऱ्याच्या गाडीला लागतील. ते म्हणाले, ‘‘माझं नुकसान तुम्ही भरता काय?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. माल त्यांचा, पैसे त्यांचे. आम्ही पोरांनी मिळून चारही परत हौद्यात चढवले.

मेच्या मध्यावर पट्टी आली, काका स्वतः येऊन चुकते करून गेले, वर डझनभर हापूस. भावाचं तोंड बंद. जाताना मी त्या टायरांचं विचारलं.

‘‘घेतले की परत. अर्धे पैसे कापले मेल्याने,’’ ते म्हणाले, ‘‘पण लगेच पॉलिश मारून बाहेर मांडले.’’