कनिक मुरनी नही ना!

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती आणि जळगावात पारा 43 च्या पुढे. अशा उन्हात दुपारी तीनचं व्याख्यान ठेवणं शुद्ध वेडेपणा, पण पाहुण्यांची परतीची गाडी रात्रीची होती.

आमच्या भौतिकशास्त्र विभागातली मृदू पदार्थांवरची व्याख्यानमाला माझ्याकडे असते. जेल, फेस, द्रवस्फटिक, पॉलिमर, म्हणजे जे धड घन नाही आणि धड द्रवही नाही ते सगळं. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-जील द जेन यांना 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच प्रांतातल्या कामासाठी मिळालं, तरी आमच्या एमएस्सीच्या पोरांना हे ‘खरं फिजिक्स’ वाटत नाही. म्हणून ठरवलं, सुरुवातीलाच कणिक ताणून दाखवायची.

पावणेतीनला घाईघाईत पुडीच्या पिठाची कणिक मळली आणि तिनाला सगळ्यांसमोर ओढायला घेतली. वीतभर झाली की आक्रसून परत. जोर लावला तर मधोमध टर्रकन फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा तेच. मागच्या बाकांवर खसखस.

चहाची किटली घेऊन मावशी दारात थांबल्या होत्या. “काय करी राह्यनात ताई? कनिक मुरनी नही ना!”

पाहुणे मात्र हसले नाहीत. स्लाइड बाजूला ठेवून ते फळ्याकडे वळले. मळताना ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांच्या, जाळ्यात ताण साठतो. त्यातलं ग्लुटेनिन स्प्रिंगसारखं मागे खेचतं, ग्लायडिन काकवीसारखं वाहू पाहतं. लगेच ओढली तर स्प्रिंग जिंकते. थोडं थांबलं की जाळं सैलावतं. सैलावायला लागणारा वेळ भागिले आपण ओढायला घेतलेला वेळ, हा झाला डेबोरा अंक. माझा अंक त्या दिवशी फारच मोठा होता.

मावशींनी तो गोळा तेल लावून नव्याने तिंबला, ओल्या फडक्याखाली झाकला आणि चहा वाटायला निघून गेल्या. तासाभराने परत आल्या. “पुडीचं पीठ,” असं नाक मुरडून, खापरावर भाजायच्या मांड्यासाठी फिरवतात तसा, दोन्ही हातांवर गोळा फिरवू लागल्या. कडा मनगटावरून कोपराकडे उतरत गेली. मी पट्टी लावली: 48 सेंटीमीटर. गोळा सहा सेंटीमीटर व्यासाचा होता. एका मुलाने तिथेच गणित केलं, जाडी साधारण 0.6 मिलिमीटर. पाहुणे सांगत होते, कणिक जिथे जास्त ताणली जाते तिथे ती ताणाला जास्त विरोध करते, म्हणून आधी जाड भाग पसरतो. तसं नसतं तर पहिल्याच पातळ जागी भोक पडलं असतं.

एवढ्यात एक ज्येष्ठ सर उठले आणि आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच कसं ठाऊक होतं, त्यावर सुरू झाले. टाळ्याही पडल्या. मला ते रुचलं नाही, मावशींनाही नसावं. “कसानं ठाऊक! सासूनी दोन आखाज्या माले खापरले हात लावू दिधा नही. किती मांडे फाटनात!”

त्यांनी पारी गोळा करून टेबलावर ठेवली. मघाचा गणितवाला पोरगा ती लगेच ताणायला धावला, तर त्याच्या हातावर चापट बसली.

“आते नही. परत मुरू दे.”

त्याने मोबाइलवर तासाभराचा गजर लावला.